तिरफळ घातलं आणि खतखतं कडू झालं. चूक नेमकी कुठे?

वर्धा_ते_फोंडा
नमस्कार मंडळी. फोंड्याला येऊन आम्हाला सव्वा वर्ष झालं. माहेर-सासर दोन्ही वर्ध्याचं. आमच्याकडे ओला नारळ म्हणजे देवापुढे फोडायचा आणि उरलाच तर त्याची बर्फी करायची. इथे आल्यावर ठरवलं की बाजारात जे अनोळखी दिसेल ते घरी आणायचं, विकणाऱ्या बाईंनाच कसं करतात ते विचारायचं आणि करून बघायचं. आतापर्यंत नीरफणसाच्या कापा, तायकिळ्याची भाजी, सोलकढी आणि तवसळी (काकडीचा गोड केक) एवढं जमलं. तवसळी तर पहिल्याच खेपेला छान झाली.

आता अडलंय ते खतखत्यावर, म्हणजे डाळ, कंद आणि भाज्यांच्या गोव्याकडच्या कालवणावर. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सासू-सासरे पहिल्यांदाच इकडे येताहेत. त्यांना गोव्याचं पान वाढायचं असं मनात आहे, म्हणून रविवारी रंगीत तालीम केली. तुरीची डाळ, सुरण, लाल भोपळा, मुळा, रताळं, कच्चं केळं, मक्याच्या कणसाचे तुकडे आणि पाच-सहा आमसुलं असं सगळं कुकरला लावून चार शिट्ट्या घेतल्या. खोबरं, लाल मिरची, हळद आणि वीसेक तिरफळं (इकडचा एक झणझणीत वासाचा मसाला) मिक्सरला बारीक वाटली. ते वाटण घालून दहा मिनिटं उकळलं, शेवटी गूळ घातला.

कडू झालं. नुसतं कडू नाही, जिभेला काहीतरी चावल्यासारखं झालं. मुळा आणि भोपळा दिसेनासे झाले आणि सुरण मात्र टणक राहिला. घरमालकीण काकूंनी मागच्या वर्षी डबाभर खतखतं दिलं होतं, त्याची चव अजून जिभेवर आहे. काकू सध्या लेकीच्या बाळंतपणासाठी बाहेरगावी आहेत. फोनवर म्हणाल्या, "तिरफळां मागीर घाल गो." मागीर म्हणजे नंतर, हे कळलं. पण किती नंतर? चवथीला दोन आठवडे राहिलेत.

रानकेळ
तिरफळांच्या बिया काढल्या होत्या का?

वर्धा_ते_फोंडा
कुठल्या बिया? मला पुडीत मिळाली तशीच घातली.

रानकेळ
मग निम्मं उत्तर मिळालं. वाळलेलं तिरफळ नीट बघ, फुलासारखं उकललेलं असतं आणि आत काळी चकचकीत बी असते. ती बी टाकून द्यायची. वास आणि झणझण सगळी सालीत आहे. बी वाटली गेली की कडवटपणा येतोच, शिवाय दाताखाली कचकचते ती वेगळीच.

केपेंकार
ताई, तुम्ही तालीम केलीत हे फार बरं केलंत. मी सत्तरी ओलांडलेला माणूस. आईच्या हाताखाली खतखत्याची भाजी चिरायला शिकलो आणि आता घरात चवथीचं खतखतं मीच करतो. तुमच्या लिहिण्यावरून तीन गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे तिरफळ कधीही वाटणात घालू नये. बिया काढून साल थोड्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवावी, बोटांनी किंवा वाटीच्या बुडाने जरा चेचावी, आणि ते पाणी सालींसकट खतखत्यात ओतावं. कधी ओतायचं? भाज्या शिजल्या, वाटण घालून एक उकळी आली, की मग. त्यानंतर मंद आचेवर पाच-सात मिनिटं, आणि झाकण ठेवून विस्तव बंद. तुमच्या काकूंचं "मागीर" ते हेच. सहा-सात जणांच्या खतखत्याला दहा-बारा तिरफळं पुष्कळ होतात. वीस घालून ती वाटलीत म्हणजे जिभेची काय अवस्था झाली असेल ते कळतं मला.

दुसरी गोष्ट आमसुलांची. आंबट पदार्थ आधी पडला की डाळ आणि भाज्या शिजायला फार वेळ घेतात. तुमचा सुरण त्यामुळेच टणक राहिला. मात्र सुरणाला खाज असते आणि ती आंबटाने कमी होते, म्हणून सुरण वेगळ्या भांड्यात दोन सोलां (आमसुलं) घालून शिजवून घ्या आणि त्याला वेळ द्या. बाकीच्या खतखत्यात सोलां शेवटी, तिरफळाच्या थोडं आधी.

तिसरी गोष्ट कुकर. डाळ कुकरला लावा, हरकत नाही. भाज्या उघड्या टोपात, ज्या उशिरा शिजतात त्या आधी. कणीस आणि केळं आधी, मग रताळं आणि मुळा, भोपळा सगळ्यांत शेवटी. भाजीचा प्रत्येक तुकडा ओळखता आला पाहिजे. मिळाली तर काटेकणगां (एक प्रकारचे कंद) जरूर घाला, त्यांच्याशिवाय मला खतखतं अपुरं वाटतं. आणि फोडणी द्यायची नाही. उतरवल्यावर वरून चमचाभर खोबरेल.

सुरंगीचा_वळेसर
काका, तुम्ही आमच्या आजीचीच पद्धत लिहिलीत! ती खतखतं सकाळी करून झाकून ठेवायची आणि जेवण वाढायच्या वेळेपर्यंत कोणाला झाकण उघडू द्यायची नाही. तिरफळ मुरायला तेवढा वेळ लागतोच.

बांद्याची_लेक
जरा वेगळं मत मांडते. आमच्या घरी बिया काढायची पद्धत नव्हती. आई ओली हिरवी तिरफळं आख्खी चेचून घालायची आणि आमटी कधी कडू झाली नाही. त्यामुळे दोष बियांचा नसून मिक्सरचा आहे असं मला वाटतं.

रानकेळ
बांद्याची_लेक, तू ओल्याबद्दल बोलते आहेस आणि मी वाळलेल्याबद्दल. ओल्याची बी कोवळी असते, वाळल्यावर ती दगड होते. मी दोन्ही करून पाहिलंय. ओलं नुसतं चेचून घातलेलं चालतं, वाळलेल्याची बी मात्र काढायलाच हवी.

केपेंकार
हे मान्य. आणि आता ओल्या तिरफळांचेच दिवस आहेत. वर्ध्याच्या ताई, चवथीआधी माटोळीचा बाजार भरतो तिथे बघा, तिरफळांचे हिरवे घोस मिळतात. खतखत्याला ओली घाला आणि उरलेली उन्हात वाळवा. साल उकलून बी आपोआप सुटते. वर्षभराची बेगमी होते.

अक्षता_नी_अळू
माटोळी म्हणजे काय, ते आमच्यासारख्या घाटावरच्यांसाठी कुणी सांगेल का?

सुरंगीचा_वळेसर
गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, भाज्या, वेली, फुलं बांधतात, ती माटोळी. नारळ, सुपारीचे घोस, अंबाडे, तवशीं, कांगलां, घागऱ्यो, जे त्या दिवसांत रानात आणि कुळागरात पिकतं ते सगळं. लहानपणी आजोबा आम्हाला प्रत्येक फळाचं नाव विचारायचे. निम्मं रान मी माटोळीखाली उभी राहून शिकले.

पुण्यातला_बांगडा
पुण्यात तिरफळ मिळेना म्हणून मी सिचुआन मिरं घालून बांगड्याचं हुमण (नारळाची आमटी) केलं. दोन्ही एकाच झँथोझायलम वंशातली, म्हणजे सख्खी चुलत भावंडं. चिरचिर आली, पण वास निराळा. तिरफळात जो लिंबाच्या सालीसारखा रानटी वास असतो तो नव्हता. अगदीच नाइलाज असेल तर वापरा.

रानकेळ
हुमणाला चालून जाईल एक वेळ, खतखत्याला नको. तिथे लपायला जागा नाही.

दोन_लेकरांची_आई
आमच्या धाकट्याच्या दाताखाली पहिल्यांदा तिरफळ आलं तेव्हा तो चार वर्षांचा होता. घास तसाच धरून त्याने विचारलं, "आई, माझी जीभ झोपली का?" आता घरात तिरफळाचं नावच "जिभेची अंगाई" पडलंय. तेव्हा ताई, सासू-सासऱ्यांना वाढताना आधीच सांगा की साल बाजूला काढून ठेवायची असते, खायची नसते. वर्ध्याच्या माणसाला ती लवंगेसारखी वाटायची.

वर्धा_ते_फोंडा
अगं, हे मलाच कुणी सांगितलं नव्हतं! मागच्या वर्षी काकूंच्या खतखत्यातली मी सगळी चावून खाल्ली होती.

म्हापशेकार
तिरफळाचा विषय निघालाय तर मासे खाणाऱ्यांसाठी एक सांगतो. तिरफळ बांगड्याला आणि तारल्यांना, म्हणजे तेलकट आणि उग्र वासाच्या मासळीला. इसवण (सुरमई) किंवा सुंगटांना (कोळंबीला) घालू नये, त्यांची स्वतःची चव नाजूक असते. बांगड्याची उडदामेथी एकदा करून बघा. थोडे उडीद आणि मेथीदाणे तेलावर भाजून खोबऱ्याबरोबर वाटायचे. मेथी मोजून, पाव चमच्याच्या वर नाही.

सुरंगीचा_वळेसर
मासे न खाणाऱ्यांनी तीच उडदामेथी अंबाड्यांची करावी. अंबाडे सध्या भरपूर आहेत. आठळी मोठी आणि गर थोडा, पण चोखून खायची मजा असते. आंबट, गोड, किंचित कडू असं तिन्ही एका वाटीत.

अक्षता_नी_अळू
कडूवरून आठवलं. मी पिकलेल्या आंब्याचं सासव (मोहरी घातलेलं खोबऱ्याचं कालवण) केलं होतं तेही कडू झालं. त्यात तर तिरफळ नव्हतं.

केपेंकार
मोहरी किती वेळ वाटलीत?

अक्षता_नी_अळू
खोबऱ्याबरोबर सुरुवातीलाच घातली होती. मिक्सर चांगला पाच मिनिटं चालू होता.

केपेंकार
तिथेच ते बिघडलं. सासवाची मोहरी जरा तेलावर तडतडवून घ्यायची, आणि खोबरं-मिरची गंधासारखी वाटून झाल्यावर अगदी शेवटी घालून मिक्सर दोनदा फिरवायचा. मोहरी जास्त वाटली आणि पाण्यात राहिली की उग्र आणि कडू होते. आणि सासव फार उकळत नाहीत. आंबे रानातले लहान, रसाळ, ज्यांना आम्ही घोटां म्हणतो, ते घ्यावे. त्यांचा आंबटपणा गुळाला तोलून धरतो.

नवशिका_बल्लव
माझा प्रश्न थोडा बाहेरचा आहे. पणजीत एकटा राहतो, स्वयंपाक शिकतोय. सान्नां करायची आहेत, म्हणजे माडीने फुगवलेल्या तांदळाच्या इडल्या. सूर, म्हणजे ती माडी, मिळत नसेल तर यीस्ट चालेल ना?

म्हापशेकार
चालेल, पण ती सान्नां नव्हेत, नारळ घातलेल्या इडल्या होतात.

काणकोणची_मिरसांग
म्हापशेकार, मला हे पटत नाही. रेंदेर कमी झालेत, माडावर रोज चढणारा माणूस मिळत नाही. शहरात ताजी सूर आणायची कुठून? यीस्ट आणि थोडी साखर घालून, पीठ नीट फुगू देऊन केलेली सान्नां मी पंचवीस पानांना वाढली आहेत आणि पाहुण्यांनी मागून खाल्ली. पूर्वी पोदेर (पाववाले) पावाचं पीठसुद्धा सुरीने फुगवायचे, आता बहुतेक भट्ट्यांत यीस्ट वापरतात. म्हणून रोज सकाळी सायकलच्या भोंग्यावर येणारी पोय आपण खायची सोडली का?

म्हापशेकार
सोडली नाही. पण सुरीच्या पावाची आठवण आहे म्हणूनच बोललो. सुरीचा आंबूस गोडवा यीस्टला येत नाही, एवढंच माझं म्हणणं. नवशिक्याने यीस्टने सुरुवात करावी, ताजी सूर हाती लागली की दोन्ही शेजारी ठेवून खाऊन बघावीत.

काणकोणची_मिरसांग
हे मात्र पटलं.

नवशिका_बल्लव
दोघांचेही आभार. मी एका ठिकाणाहून बाटलीतली सूर आणली होती, ती घरी येईपर्यंत आंबट होऊन गेली. तिचं काय करू, फेकून देऊ?

काणकोणची_मिरसांग
अजिबात नको! भरणीत ओता, तोंडाला फडकं बांधा आणि विसरून जा. तिचंच व्हिनेगर होतं. आपल्याकडचं माडाचं व्हिनेगर असंच सुरीपासून होतं. रेशाद मसाला वाटायला, विंदालूला तेच लागतं. विंदालूत बटाटा शोधणाऱ्यांसाठी सांगते, नावातला "आलू" हा लसूण आहे. पोर्तुगीजांचं वाइन आणि लसणीतलं मांस इथे आलं, वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं आणि मिरची पडली.

पुण्यातला_बांगडा
गंमत अशी की बटाटा हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला. पाव, काजू, अननस हेही त्यांच्याच गलबतातून उतरले. मराठी माणूस वडापाव मागतो तेव्हा अर्धं नाव पोर्तुगीज आणि वड्यातलं सारणही.

दोन_लेकरांची_आई
हे आज रात्री घरी सांगणार. पोरं वडापावकडे आता वेगळ्याच आदराने बघतील.

खतखतें_प्रेमी
मूळ विषयावर येतो. आमच्या शेजारी एक कुटुंब खतखत्यात कांदा घालतं आणि चवीला छान लागतं. मी पण घालतो.

सुरंगीचा_वळेसर
रोजच्या जेवणात तुमच्या आवडीने करा. पण चवथीच्या नैवेद्याला कांदा-लसूण नको. आणि चवीच्या दृष्टीनेही सांगते, कांदा आला की तिरफळ मागे पडतं. खतखत्याची ओळखच तिरफळाची.

केपेंकार
वळेसरताईंशी सहमत. कांदा घालायचाच तर आळसांद्याचं तोणाक, म्हणजे चवळीचं मसालेदार कालवण करा, तिथे भाजलेलं खोबरं आणि कांदा दोन्ही शोभतात.

काणकोणची_मिरसांग
मिरचीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून माझ्या गावाकडची बाजू मांडते. खतखत्याच्या वाटणाला खोल्याची मिरची घ्या. काणकोणात डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर पिकते, उन्हात वाळवतात, रंग सुंदर आणि तिखट बेताचं. तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. महाग पडते, पण पिकवणाऱ्या बायांची मेहनत पाहिली की मी भाव करत नाही.

अक्षता_नी_अळू
पावसाळ्यात अळमी (रानातली अळंबी) आणली होती. फार महाग, पण काय चव! पुढच्या वर्षी आम्ही रानात जाऊन स्वतः शोधायचा बेत करतोय.

रानकेळ
ताई, कळकळीने सांगते, असं करू नका. एक तर ओळख नसताना रानातली अळमी तोडणं जिवावर बेतू शकतं, विषारी छत्र्या दिसायला अगदी सारख्या असतात. दुसरं म्हणजे ही अळमी रोयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावरच येते. तिची शेती होत नाही. वारूळ तुडवलं, कळ्या उपटल्या, की पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही. माझ्या लहानपणी आमच्या डोंगरावर ज्या जागा होत्या त्यांतल्या मोजक्याच उरल्यात. वर्षातून एकदा, जाणकाराकडून, थोडीच घ्या. तशीच चव हवी असेल तर शाकुतीचा मसाला घालून साध्या अळंब्यांचं तोणाक करा.

अक्षता_नी_अळू
हे माहीत नव्हतं. बेत रद्द. नीट समजावून सांगितलंत, आभार.

वर्धा_ते_फोंडा
दुसरी तालीम झाली! काकांनी सांगितल्याप्रमाणे डाळ वेगळी, सुरण सोलां घालून वेगळा, भाज्या टोपात एकामागून एक. तिरफळं वाळलेलीच होती, पण बसून एकेकीची बी काढली. मोजून बारा. कोमट पाण्यात चेचून शेवटी घातली. झाकण ठेवल्यावर दहा मिनिटांत जो वास सुटला तो थेट काकूंच्या डब्यातला! कडूपणा औषधालाही नाही. फक्त एक शंका, रस जरा पातळ वाटला.

केपेंकार
शाब्बास! पातळ वाटला तर भोपळ्याच्या दोन फोडी रसातच घोटा, पीठ वगैरे लावू नका. गार झाल्यावर डाळीने तो आळतोही. खतखतं आमटीपेक्षा दाट, भाजीपेक्षा सैल.

बांद्याची_लेक
मीही आज वाळलेल्याच्या बिया काढून करून बघितलं. रानकेळ, तुझं बरोबर होतं. चव जास्त स्वच्छ आली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ओल्याची गोष्ट निराळी." म्हणजे दोघी बरोबर.

रानकेळ
आईंना नमस्कार सांग.

वर्धा_ते_फोंडा
चवथ पार पडली, उशिरा कळवतेय. माटोळीच्या बाजारात ओल्या तिरफळांचे चार घोस मिळाले. दोन माटोळीला बांधले, एक खतखत्याला. काटेकणगांही मिळाली आणि काका, तुमचं म्हणणं पटलं, ती पिठूळ गोडी दुसऱ्या कशाला नाही. पानात खतखतं, मुगागाठी, पातोळ्यो आणि मणगणें होतं. हळदीच्या पानाचा वास घरभर होता.

सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. मला वाटलं आवडलं नाही. मग म्हणाल्या, "हे काय घातलंस गं? ओठ गुणगुणतायत." सासरे काही बोलले नाहीत, त्यांनी वाटी पुढे केली. दोनदा. काकूही त्याच दिवशी बाळाला घेऊन लेकीसह परतल्या. त्यांना डबा दिला तर झाकण उघडून आधी वास घेतला आणि म्हणाल्या, "बरें जालां. मागीर घातलीं मगे?"

चौथा घोस गच्चीत वाळत घातलाय, पण इथे ऊन-पावसाचा लपंडाव चालू आहे. सासूबाईंना पुडी करून वर्ध्याला द्यायची आहे, त्या परवा निघतील. दोन दिवसांत वाळतील का, की बुरशी धरेल?

केपेंकार
दोन दिवसांत या हवेत पुरती वाळणार नाहीत. ओलसर असताना पिशवीत बांधू नका, नक्की बुरशी येईल. कागदात सैल गुंडाळून द्या आणि वर्ध्याला पोचल्यावर लगेच उन्हात पसरायला सांगा. तिकडचं ऊन इथल्यापेक्षा कामाचं आहे, चार दिवसांत कडकडीत वाळतील. बिया काढायला मात्र आठवणीने सांगा.